दाजींचा पोलादी पाय

आमच्या दाजींना बाजारात सगळे 'पोलादी' म्हणतात, असं दाजी सांगतात. मी एकदा बाजारात चार जणांना विचारून पाहिलं. दोघांना माहीतच नव्हतं, तिसरा नुसता हसला आणि चौथा म्हणाला, "कोण, ते गादीवाले? लंगडतात ते?" असो. माणसाने स्वतःला काय म्हणवून घ्यावं, त्याला काही कर लागत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाद्यांचा कारखाना आहे त्यांचा. कारखाना म्हणजे खाली एक लांबट खोली, तिच्यात फोमचे आणि कापसाचे ढीग, दोन शिलाई मशीन, आणि वर घर. मापं घेते ताई, कापड कापते ताई, शिवते ताई, गिऱ्हाइकाची बोलणी खाते ताई. दाजी गाद्या पोचवतात. दारावरच्या पाटीवर अर्थातच दाजींचं नाव आहे.

पोचवायला एक जुनी पिकअप, आणि या पिकअपचं ब्रेकचं पेडल म्हणजे धोंडा. तुमचा-माझा पाय ठेवला तर जेमतेम हलायचं. दाजी मात्र सीटला पाठ रोवायचे, दात आवळायचे आणि उजव्या पायाने असं दाबायचे, की गाडी थांबेपर्यंत मानेच्या शिरा मोजून घ्याव्यात. खाली उतरून, घाम पुसत, जो समोर असेल त्याला म्हणायचे, "या गाडीला पाय लागतो, पाय! येरागबाळ्याचं काम नोहे."

पुढे पुढे तर त्यांनी त्याची परीक्षाच करून टाकली. नवं गिऱ्हाईक असो, शेजारी असो, वीज मीटर बघायला आलेला माणूस असो, त्याला सीटवर बसवायचं आणि म्हणायचं, "दाबा बघू." त्याचं तोंड लाल झालं की दाजींचं पोट भरायचं. त्यांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला, त्यालाही चहाआधी पिकअपमध्ये बसवलं. बिचारा हिशेब तपासणारा माणूस, त्याचा आणि ब्रेकचा काय संबंध? दाजी आत येऊन ताईला म्हणाले, "मुलगा बरा आहे. पण पायात दम नाही." भाचीने त्याच्याशीच लग्न केलं, आणि ते दोघं सायकलवर सुखात आहेत.

आता गंमत ऐका. मी ब्रेकचंच काम करतो. दोन गल्ल्या सोडून माझं गॅरेज आहे, आणि सतरा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. पण दाजींनी ती पिकअप माझ्या दारात कधी आणली नाही. "घरच्या माणसाकडे गाडी दिली की ना पावती मिळते, ना भांडता येतं," म्हणायचे. भांडायला त्यांना गाडी लागते हे मला नवीनच होतं. बॉनेट स्वतः उघडायचे, स्वतः लावायचे, आणि कोणी डोकावलं तर अंगावर यायचे.

आणि त्यांची एक आवडती गोष्ट होती. चार माणसं जमली, की ती व्हायचीच. "आमच्या हिनेही एकदा चालवली होती बरं का गाडी! सरळ गेटचा खांब आडवा केला." मग हशा. ताई तिथेच ताटं मांडत असायची. तीही थोडी हसायची.

गोष्ट खरी होती. बावीस वर्षांपूर्वी ताई ही पिकअप शिकली, चांगली महिनाभर गाद्याही पोचवल्या. मी तेव्हा बाहेरगावी काम शिकत होतो. मग एके दिवशी निघताना कारखान्याच्याच गेटवर ब्रेक लागला नाही. खांब पडला, आणि तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं. ते वाकडंच जुळलं. अजूनही ती सुई त्याच वाकड्या बोटाने रेटते. "दाबलं रे मी," मला म्हणाली होती, "पण दबलंच नाही. आधी मऊ होतं ते." मी काय म्हणावं? ब्रेकमधला मोठा जाणकार मी! म्हटलं, "ताई, घाबरलीस तू. घाबरलं की असंच वाटतं." पुन्हा ती त्या सीटवर बसली नाही.

यंदा दाजींच्या उजव्या गुडघ्याने हात टेकले. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून विचारलं, "तुम्ही काय पायाने खडी फोडता का?" गाडी बंद. महिना-दोन महिने नाही, कायमची. आणि नेमकी त्याच आठवड्यात एका वसतिगृहाची साठ गाद्यांची ऑर्डर आली. गाद्या वेळेवर स्वतः पोचवल्या, तर दरवर्षी काम मिळणार होतं. नाही पोचवल्या, तर त्यांच्याकडे दुसरा गादीवाला तयारच होता, ट्रकसकट. दाजी म्हणाले, "ऑर्डर सोडून दे. पिकअप विकून टाकू. दुकान आवरतं घेऊ."

ताई कापड मोजत होती. बाबांनी कारखाना सुरू होताना तिला मापाची एक काठी करून दिली होती, करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकं लाल रंगवलेली. तिचं एक टोक फार वर्षांपूर्वी तुटलं. उंदरांनी खाल्लं, असं दाजी म्हणाले होते. तेव्हापासून ताई प्रत्येक मापाला पुटपुटते, "...आणि दोन बोटं," आणि बोटं टेकवून तेवढं वाढवून घेते. तशी तिने दोन बोटं टेकवली, खडूने रेघ मारली आणि मान वर न करता म्हणाली, "गाडी मी चालवीन."

दाजी हसले. "तू? अगं, त्या गाडीला पाय लागतो!"

"पाय मला दोन आहेत," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ते पेडल हलकं होतं का रे कशाने?"

होतं ना. बूस्टर म्हणून एक डबा असतो, पेडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला. इंजिन एका पाइपातून त्याच्यातली हवा ओढून घेतं, आणि त्या ओढीने तो तुमच्या पायाला जोर देतो. या पिकअपचा बूस्टर जुना आणि लहान होता. मी म्हटलं, नव्या मॉडेलचा मोठा, दुहेरी पडद्याचा बसवू, लहान पोरगीसुद्धा दाबेल.

"काही उपयोग नाही," दाजी एकदम म्हणाले. "ही गाडीच तशी आहे. मी बावीस वर्षं ओळखतो तिला." पण ताईने चावी माझ्या हातात ठेवली होती, आणि तासाभरात गाडी माझ्या गॅरेजात उभी होती.

आता मी दुसऱ्याची उणीदुणी काढतोय, तर माझीही ऐका. बूस्टरला हात लावण्याआधी अर्ध्या मिनिटाची एक तपासणी असते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग तसंच दाबून धरून इंजिन चालू करायचं. पेडल जरा खाली गेलं तर ओढ येतेय, नाही गेलं तर आधी पाइप बघायचा. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी घोकून घेतो. आणि मी स्वतः? नाही केली. का, तर बावीस वर्षं दाजींच्या तोंडून ऐकत होतो, की ही गाडीच तशी आहे. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दिवसभर कंबर मोडून काम केलं. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर सोडवून नळ्यांसकट बाजूला घेतला, डॅशबोर्डखाली डोकं घालून चार नट काढले, नवा डबा जाड म्हणून पत्रा तासून पट्टी केली, बूस्टरमधून सिलिंडरला रेटणाऱ्या दांड्याची लांबी तीनदा जुळवली. या दांड्याला जराशी मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर ब्रेक लागलेलेच राहतात.

दुपारी पाहतो तर दाजी काठी टेकत दारात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गॅरेजात! "मदत करतो की जरा," म्हणाले. "तो हवेचा पाइप मी जोडतो. तेवढं येतं मला."

"दाजी, खुर्चीवर बसा. गुडघा सांभाळा."

पाच मिनिटांनी पुन्हा बॉनेटपाशी. "पाइप जुना झालाय रे. मी नवीन घेऊन येतो. हा दे माझ्याकडे."

"पाइप ठणठणीत आहे!" मी ओरडलोच. डोक्यात तिडीक गेली माझ्या. जन्मात कधी पाना उचलून दिला नाही आणि आता मध्ये मध्ये लुडबुड! मीच त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. तिथून ते त्या पाइपाकडे असे बघत होते, की जणू त्यांची बँकेतली ठेव तिथेच असावी.

संध्याकाळी ताई आली. कारखान्यातून तशीच, केसांत कापूस. सीटवर बसली, बावीस वर्षांनी. मी ऐटीत म्हटलं, "कर चालू. दाब आता."

तिने दाबलं. पेडल धोंडाच. तिने पुन्हा दाबलं, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून. मग पाय काढून घेतला आणि हळूच म्हणाली, "जाऊ दे रे. माझ्याच पायात नसेल."

खुर्चीवरून आवाज आला, "मी म्हणालो होतो!"

मला लाज वाटली, आणि लाजेने राग आला. मी स्वतः बसून दाबलं. तसंच. तेव्हा कुठे अक्कल परत आली. इंजिन चालू ठेवून बूस्टरवरचा पाइप ओढून काढला, तोंडावर अंगठा ठेवला. अंगठा खेचला जायला हवा. काहीच नाही. दुसरं टोक सोडवलं, फुंकर मारली. माझेच गाल फुगले. चिमटा आत घातला, फिरवला, आणि क्लिपच्या मागून एक लाकडाचा तुकडा बाहेर आला. दोन बोटं लांब. तेलाने काळा. मी फडक्याने पुसला.

टोक लाल होतं.

मला ओळखायला क्षण लागला नाही. बाबांच्या काठीचा लाल रंग तो! घराच्या दाराला आणला होता, त्यातला उरलेला मीच ब्रशने लावला होता. आणि उंदीर काही करवतीने इतकं सरळ कापत नाहीत. मी तो तुकडा तळहातावर ठेवून ताईसमोर धरला. तिने तो घेतला, सवयीने दोन बोटं टेकवून मापला आणि दाजींकडे पाहिलं.

मीच इंजिन बंद केलं.

"तात्पुरतं केलं होतं," दाजी म्हणाले.

"बावीस वर्षं?" मी म्हटलं.

"काढायचं राहून गेलं." मग कोणी विचारलं नसताना सगळं ओकले. कोपऱ्यावरचं एक गिऱ्हाईक तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालं होतं, बाई आणतात तेव्हा गादी चुरगळत नाही, बाईंनाच पाठवत जा. "मला वाटलं, पेडल जड लागलं की आपणच नको म्हणेल. ती गेटपर्यंत जाईल असं कुठे वाटलं होतं? नंतर काढणार होतो. पण मग लोक म्हणायला लागले, काय पाय आहे तुमचा!"

म्हणजे बघा. माणसं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, यांनी बावीस वर्षं रोज धोंड्यावर पाय दिला. गुडघा घालवला, बायकोचं बोट घालवलं, आणि कमावलं काय? 'पोलादी'! तेही बाजारात कोणाला माहीत नाही. मी तोंडाला येईल ते बोललो. थोरले आहेत, मान द्यायला हवा, वगैरे सगळं त्या दिवशी खुंटीला टांगलं. त्यातलं अर्धं मला स्वतःलाच होतं. घाबरलीस तू, असं तिला मीही म्हणालो होतो ना!

ताईने तुकडा पदराच्या टोकाला बांधला. एवढंच विचारलं, "मग जुना बूस्टर चांगलाच होता का?"

"असेल. काढून परत जुना बसवू?"

"नको. मोठाच असू दे. आता कशाला कमी घ्यायचं?"

सोमवारी सकाळी पिकअप गाद्या भरून गेटच्या आत उभी होती. पहिली खेप तीस गाद्यांची. दाजी न बोलवता शेजारच्या सीटवर जाऊन बसले. रस्ता दाखवायला, म्हणे. मी मागे, गाद्या आणि केबिनच्या मधल्या फटीत, मागच्या काचेतून सगळं दिसत होतं. ताईने गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि निघाली ती गेटच्या त्याच खांबाच्या रोखाने. सरळ. मला वाटलं वळवेल आता. वळवेना.

"अगं ब्रेक! ब्रेक!" दाजी ओरडले, आणि समोर पेडल नाही, काही नाही, तरी उजवा पाय धाडकन खालच्या पत्र्यावर आपटला. पाठोपाठ "आई गं!" करून गुडघा धरला.

गाडी खांबापासून वीतभर अलीकडे उभी होती. एक गादी हलली नव्हती. ताईने नुसता पाय टेकवला होता.

तिने स्टेअरिंगवरचा डावा हात उचलला, ते वाकडं बोट दाजींच्या डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, "दुखलं?"

दाजींनी मान डोलावली.

"मलाही दुखलं होतं," ती म्हणाली, आणि गाडी मागे घेतली.