राठोड वकिलांचा साक्षीदार

राठोड वकील अपघाताची केस टेबलाशी बसून ऐकत नसत. दिग्रसला त्यांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मोठ्या भावाची तेरवीही झाली नव्हती. मी बोलायला लागलो तसे ते उठले, पायांत चप्पल सरकवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कागद मंग पाहू भाऊ. आधी जागा दाखवा."

भाऊ कापसाच्या जिनिंगमधून सायकलवर घरी येत होता. एक कार त्याला उडवून निघून गेली. पोलिसांनी 'अज्ञात वाहन' लिहून टाकलं. अपघात झाला त्या वळणावर वकील भर उन्हात उभे राहिले, काचेचे तुकडे वेचले, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारत राहिले. असे कित्येक दिवस गेले. शेवटी एक बकऱ्या चारणारा सापडला. तो तांड्यावरचा, वकीलही बंजारा. दोघं बांधावर बसून बराच वेळ आपल्या गोरबोलीत बोलले. त्याने गाडी पाहिली होती आणि चालवणारा ओळखला होता. एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा.

भरपाईचा दावा दाखल झाला. कोर्टाबाहेर एका दलालाने वहिनीला गाठलं. उलटतपासणीत हलणार नाही असा तयार साक्षीदार देतो, म्हणाला. वहिनीने ते वकिलांच्या कानावर घातलं.

"ज्यानं पाह्यलंच नाही, त्याले मी उभा करत नाही, बाई," ते म्हणाले. "आपला माणूस खरा आहे. मंग भेता कायले?"

साक्षीच्या दिवशी बकऱ्यावाला पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मी तवा तांड्यावर होतो. मले काही माहीत नाही." त्याच्या बकऱ्या त्याच व्यापाऱ्याच्या पडीक रानात चरत, हे आम्हाला नंतर कळलं.

"माह्याकडं पाहून सांग," वकील म्हणाले. त्याने भिंतीकडे पाहत तेच सांगितलं.

दावा फेटाळला गेला. बाहेर आल्यावर वहिनी वकिलांना म्हणाली, "इकत घेतलेला असता, तं पलटला नसता."

पुढे नागपूरला अपील वकिलांनीच केलं. ते अजून तिथेच पडून आहे.

गेल्या उन्हाळ्यात राठोड वकील हृदयविकाराने गेले. त्यांच्या मयतीला जाऊन मी घरी आलो, तेव्हा वहिनी मजुरीवरून येऊन चूल पेटवत होती. मी सांगितलं. तिने फुंकून जाळ धरला.

"चांगला माणूस होता," ती म्हणाली. "चांगल्या माणसाकडं गेलो, तेच चुकलं आपलं."