पुसलेला चाकू

मधुसूदन भोसेकर हवाई दलात विमानं दुरुस्त करता करता निवृत्त झाले आणि लखनौलाच जानकीपुरमला फ्लॅट घेऊन राहिले. वापरलेलं हत्यार तिथल्या तिथे पुसून ठेवायचं, ही नोकरीतली सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. वासंतीकाकूंनी विळी तशीच ठेवली की त्यांचं भाषण सुरू व्हायचं. काकू म्हणायच्या, "अहो, विळी आहे ती, विमान नाही."

वस्तीपलीकडच्या शिसमाच्या रानात झाडं शेंड्याकडून वाळू लागली, तेव्हा रोग कुठवर पसरतोय ते पाहायला मैत्रेयी नावाची संशोधक आली. लष्करी घरातली मराठी मुलगी, पण बोलायची हिंदीतच. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिने मदतीला घेतलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, सिर्फ देखना है. छाल मत काटिएगा, चाकू से भी बीमारी जाती है."

काकांना ते पटलं नाही. उघडून पाहिल्याशिवाय कसली तपासणी? आणि ही ताकीद गबाळ्या लोकांसाठी, आपल्यासाठी थोडीच. ते गुपचूप प्रत्येक झाडाला छातीएवढ्या उंचीवर नखभर खाच घ्यायचे. आत तपकिरी पट्टा दिसला की झाड आजारी. मग खिशातल्या तेलाच्या फडक्याने चाकू लख्ख पुसायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. त्यांचे अंदाज हटकून खरे ठरत. मैत्रेयी चारचौघांत त्यांचं कौतुक करायची आणि काका मूठभर मांस चढल्यासारखे घरी यायचे.

या वसंतात चांगली धडधाकट झाडं माना टाकू लागली. मैत्रेयी काकांना रानात घेऊन गेली. "देखिए काका, जो नए पेड़ सूख रहे हैं, सब पर ऐसा कट है. रामसजीवन की दराँती होगी न?"

रामसजीवन रोज विळा घेऊन त्या रानात शेळ्या चारायचा. काकांनी खाच पाहिली. स्वतःच्या हाताचं काम माणूस ओळखतोच. तरी तोंडातून एकच शब्द निघाला. "असेल."

त्या एका शब्दावर वनखात्याने रामसजीवनला रानात बंदी घातली.

आठवड्याभराने तो त्यांना रस्त्याच्या कडेला भेटला. शेळ्या धुळीत उभ्या, पोटं आत गेलेली. तो हात जोडून म्हणाला, "साहब, आप तो रोज वहाँ रहते हैं. बता दीजिए कि हमने नहीं काटा. आपकी बात मान लेंगे." काका "देखते हैं" म्हणाले आणि पाय उचलून चालू लागले. चोराच्या उलट्या बोंबा, असं आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आपण तर बोंबही मारली नाही, नुसतं "असेल" म्हणून मोकळे झालो. रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी काकांनी मैत्रेयीच्या टेबलावर चाकू आणि फडकं ठेवलं. "खाचा माझ्या आहेत. पण दर वेळी पुसायचो गं."

तिने फडकं उलगडलं. चीक लागून लागून ते चिकट, काळपट झालं होतं. "इसी एक कपड़े से?" ती हळू आवाजात म्हणाली. काकांनी फडक्याकडे पाहिलं. आपण पुसत नव्हतो, एका झाडाचा रोग दुसऱ्याला माखत होतो, हे त्यांना आत्ता कुठे कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. ती ओरडली असती तरी चाललं असतं. तिने फक्त फोन उचलला आणि बंदी उठवायला सांगितलं.

झाडं काही परत येणार नव्हती. निदान माणसासमोर तरी उभं राहावं म्हणून काका रानात गेले. रामसजीवन शेळ्या सोडत होता. काका म्हणाले, "रामसजीवन, वो निशान मैंने लगाए थे. और नाम तुम्हारा जाने दिया."

"मालूम है साहब. रोज देखते थे आपको."

"तो बताया क्यों नहीं? तुमसे पूछा होगा."

"पूछा था," तो शेळीच्या गळ्यातली दोरी सोडवत म्हणाला. "हमने सोचा, बड़े आदमी हैं, खुद ही बता देंगे."