पंपाच्या तोंडात झेंडू

दसरा जवळ आला की माझं डोकं अजून फिरतं. घरचे म्हणतात, आता सोडा ना. काहून सोडू?

नागपुरात समुद्र नाही, तरी आमच्या कारखान्यात नौदलाच्या मोठ्या जहाजांचे पंप दुरुस्तीला यायचे. तेलाच्या दाबावर जहाजाचं सुकाणू फिरवणारे, दोघांना हलणार नाहीत एवढे जड. आत पिस्टन इतके घट्ट की बारीक कचरा गेला तरी अडकायचे. म्हणून जोडणी झाली की पंपाच्या तोंडांवर मी लाकडी बुचं ठोकायचो. टेस्टपर्यंत ती कुणी काढायची नाहीत, असा नियमच होता.

त्या वर्षी एक पंप मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी जोडून ठेवला. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. मी बौद्ध. त्या दिवशी आमचं सगळं घर पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जातं, आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो. पूजेला मी कधीच नसायचो आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

सुट्टीनंतर पंप टेस्टला लावला. घरघरला आणि जाम झाला. फोरमन सगळ्यांसमोर माझ्यावर चढला. "पूजेले येत नाही तू, मंग असंच होते. जोडताना ध्यान कुठं होतं गा तुयं?" मालकांनी मान डोलावली. म्हणाले, "नौदलाचं काम आहे. उद्यापासून याला पंपाला हात लावू देऊ नका."

इतकी वर्षं रक्त आटवून शिकलेलं काम एका वाक्यात गेलं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मी जोडला, तं मीच खोलतो. सगळ्यायच्या समोर," मी म्हणालो.

खोलला. आत कुंकवानं लाल झालेले तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या. या शहाण्यांनी पूजेला माझी बुचं उपटून पंपाच्या तोंडात फुलं खोवली होती, फुलदाणी असल्यासारखी. वरून अक्षता टाकल्या. मग फुलं ओढून काढली आणि बुचं परत ठोकून दिली. मी चुरगळलेली पाकळी तळहातावर घेऊन फोरमनच्या नाकासमोर धरली. "हे माह्या हातचं हाय का?"

माफी? नाव काढू नका. पंप मी रॉकेलनं धुतला, पुन्हा जोडला, चालला. काम माझ्याकडेच राहिलं आणि जणू काही झालंच नाही.

पुढच्या दसऱ्याआधी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "असं करा, या दसऱ्याला पूजा होईस्तोवर तुम्ही पंपापाशी बसा. बुचं कुणी काढू नये म्हणून. तसंही तुमचा काही सण नसतो त्या दिवशी."

चहा मी तसाच ठेवला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो. पंपापाशी कोण बसलं, मी आजवर विचारलेलं नाही.