गप्प असेल त्याच्याकडे आधी

आमच्या आत्याकडे रडून काही मिळत नसे. आम्ही भावंडं जिन्यावरून गडगडलो, की भोकाड पसरलेल्या मला ओलांडून ती गप्प बसलेल्या धाकट्याकडे जायची. "हिचा गळा शाबूत आहे, म्हणजे श्वास चालू आहे," म्हणायची. मी जन्माची गळेकाढू. मला तिचा भयंकर राग यायचा.

आत्या लष्करात नर्स होती, एवढंच ठाऊक होतं. त्याबद्दल ती तोंडातून ब्र काढत नसे. मग एके दिवशी दोन भाऊ तिचं घर शोधत आले. थोरल्याला एक पाय नव्हता, पण आवाज दोन माणसांचा. "सिस्टर, घाबरू नका, या खेपेला बंदूक आणली नाही!" असं म्हणत तो कुबड्या टाकून खुर्चीत बसला. धाकटा दारातच उभा राहिला, हात खिशात घालून. सगळं थोरल्यानेच सांगितलं.

आघाडीमागच्या रिकाम्या शाळेत जखमींना आणत होते. व्हरांडा भरलेला, तोफगोळे अगदी जवळ पडू लागलेले, डॉक्टर नदीपलीकडे. आत्याने प्रत्येकापाशी वाकायचं, श्वास बघायचा, नाडी बघायची, मनगटाला पट्टी बांधायची आणि पुढे सरकायचं. लाल म्हणजे लगेच न्यायचा, पिवळी म्हणजे थांबू शकेल.

गाडीत एकाच स्ट्रेचरची जागा उरली होती. थोरल्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं आणि तो शाळा डोक्यावर घेत होता. शेजारी एक पोरगा भिंतीला टेकून नुसतं पाणी मागत होता. अंगावर रक्ताचा टिपूस नाही. आत्याने त्याचं गार, घामेजलेलं मनगट धरलं, टणक झालेलं पोट चाचपलं, रक्त आतल्या आत जात होतं, आणि लाल पट्टी त्याला बांधली. थोरल्याला पिवळी.

थोरल्याला पाठीवर घेऊन आलेला धाकटा त्याच पलटणीतला; त्याने बंदूक तिच्यावर रोखली. "आधी माझा दादा जाईल."

आत्याने नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "इकडे ये. दोन्ही तळवे इथे, जांघेत. सगळा भार टाक. हात काढलास तर दादा गेला."

दोन्ही हात लागणार म्हटल्यावर बंदूक खाली ठेवावीच लागली. गाडी त्या पोराला घेऊन गेली. छताची कौलं खाली येत होती आणि धाकटा दाबून बसला होता. आत्या दुसऱ्यांकडे जाई, परत येई, "तसाच राहा," म्हणे.

गाडी परतली तेव्हा ड्रायव्हरने नुसती मान हलवली. तो पोरगा पुलावरच गेला होता. धाकट्याने ते ऐकलं. त्याची बोटं इतकी आखडली होती, की आत्याला ती एकेक करून सोडवावी लागली. थोरल्याला नदीपलीकडे नेल्यावर डॉक्टर धाकट्यासमोरच म्हणाले, "जरा आधी आणला असतात तर पाय वाचला असता."

मला राहवलं नाही. माझी जीभ कधी तोंडात राहिली आहे? "आत्या, तोही गेला, यांचा पायही गेला. मग मिळवलंस काय?"

"त्याला थांबता येत नव्हतं. यांना येत होतं," आत्या म्हणाली. "आजही लाल त्यालाच बांधीन."

"बरोबरच आहे, सिस्टर," थोरला म्हणाला. "मी जिवंत आहे की! लग्न झालं, दुकान आहे…"

तो बोलतच होता. आत्या उठली, त्याच्या कुबड्या ओलांडून दाराशी गेली आणि धाकट्याचं मनगट धरलं.

"तू कसा आहेस?"

"त्याला काय धाड भरलीय?" थोरला हसला. "साधा ओरखडा नाही आला."

"तुम्हाला नाही विचारलं."

धाकट्याने खिशातले हात बाहेर काढले. मुठी घट्ट होत्या. "सुटत नाहीत, सिस्टर. झोपेतसुद्धा दाबत असतो. त्या गाडीत दादाला घातलं असतं तर… मी तेव्हा बंदूक का खाली ठेवली?"

आत्या त्याला घेऊन उंबऱ्यावर बसली आणि एकेक बोट सोडवू लागली. तिसऱ्या बोटाला त्याने असा हंबरडा फोडला, की थोरल्याचीही वाचा बसली.

"हां," आत्या म्हणाली. "आता श्वास चालू झाला."