दोन नियमांची एकच खुर्ची

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात अक्का समितीवर असल्या की एक खुर्ची वाचायची. निवड समितीवर एक महिला हवी आणि एक मागासवर्गीय सदस्य हवा, असा नियम. अक्का बाई होत्या आणि धरणगावच्या बौद्ध घरातल्या होत्या. एका सहीत दोन्ही रकाने भरले! समतेची इतकी सुटसुटीत सोय आणखी कुठे मिळणार? सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला जाई. वाचण्याची तसदी मॅडमना कशाला?

अक्का वाचायच्या. पहिल्या पानापासून. प्राचार्य घड्याळ बघायचे, अक्का पान उलटायच्या.

त्यांचा विषय मानववंशशास्त्र. त्यामुळे त्यांनी सातपुड्यात जावं, आदिवासींच्या दागिन्यांचे फोटो काढावेत, प्रदर्शन भरवावं, अशी सगळ्यांची प्रेमळ इच्छा. अक्कांनी अभ्यासाला घेतली स्टाफरूम. पंख्याखाली कोण बसतं, पाहुणे आले की ओवाळायला कोणाला उठवतात, वसतिगृहाची आणि जयंतीची कामं कुठल्या आडनावांकडे जातात, सगळं वहीत. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे : 'चहाचा ट्रे आला की या जमातीतील पुरुषांना अचानक वर्तमानपत्र दिसते.' हा निबंध त्यांनी जळगावच्या एका परिसंवादात वाचला. तिथे लोक हसले. इथे स्टाफरूममध्ये दोन महिने त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

"बरंच झालं," अक्का म्हणाल्या, "निरीक्षणाला शांतता लागते."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती पीएच.डी.च्या मुलाखतीत. मी नरडाण्याची. जागा एकच, तीही अक्कांच्या हाताखालची. बाहेरून आलेल्या विषयतज्ज्ञांनी मला विषय सोडून बाकी सगळं विचारलं. "नरडाण्यात घर कुठल्या बाजूला?" जात विचारणं असभ्य, म्हणून शिकलेली माणसं दिशा विचारतात. मी सांगितली. मग म्हणाले, "लग्न होईल, मूलबाळ होईल. संशोधनाचं काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का अहिराणीत म्हणाल्या, "प्रश्न चांगले शेतस. मंग बठ्ठासले इचारा." म्हणजे सगळ्यांनाच विचारा. आणि प्राचार्यांकडे वळून शुद्ध कार्यालयीन मराठीत, "इतिवृत्तात दोन्ही प्रश्न लिहा, सर. नाहीतर माझी सही नाही."

सही नाही म्हणजे महिला नाही, मागासवर्गीयही नाही, मुलाखतीच रद्द. लिहावं लागलं.

माझ्यानंतर प्राचार्यांचा भाचा. दार अर्धवट उघडं होतं, बाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं.

"घर गावात कुठल्या बाजूला?" अक्का.

"पाण्याच्या टाकीजवळ, मॅडम."

"मूल झाल्यावर संशोधनाचं काय?"

भाचा म्हणाला, "पेढे वाटीन."

तज्ज्ञांना खोकल्याची उबळ आली. आता नाइलाज होता. मला परत आत बोलावून आम्हा दोघांना विषयावरचे प्रश्न विचारावे लागले. जागा मला मिळाली.

किंमत अक्कांनी मोजली. विभागप्रमुखपद सेवाज्येष्ठतेने त्यांचं होतं, ते त्यांच्याहून कितीतरी कनिष्ठ सरांना गेलं. मॅडमना प्रशासनाचा ताण नको, म्हणे. केवढी ही काळजी! मी तापून पत्रक लिहून नेलं. अक्कांनी लाल पेनाने त्यातले 'मनुवादी', 'कारस्थानी', 'नीच' हे सगळे शब्द खोडले.

"शिव्यांना ते उत्तर देतील. रुजू होण्याच्या तारखांना नाही देणार. आणि आत्ता छापू नको. तुना प्रबंध बाकी शे."

मी छापलं नाही. मोर्चात घसा फोडणारी मी, तेव्हा गुपचूप बसले. त्याची लाज अजून आहे.

यंदा अक्का निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल, नारळ आणि, बाई म्हणून, वरून एक साडी. विभागप्रमुख सर भाषणाला उठले. "मॅडमनी कधी कुठल्या पदाची अपेक्षा ठेवली नाही. केवढं मोठं मन!"

अक्कांनी माईक मागून घेतला.

"अपेक्षा व्हती, सर. तीनदा लेखी अर्ज शे मना. आवक क्रमांक सांगू?"

आणि खाली बसल्या.

अक्का गेल्या की माझे मार्गदर्शक हेच सर होणार होते, आणि ते नेमके माझ्याकडेच बघत होते. सोमवारी प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांच्याच टेबलावर ठेवायचं होतं. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. कोणी साथ देईना, तरी हात दुखेपर्यंत.