उस्तादांची गार पडलेली रेकॉर्ड

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, एक थोर कव्वाल स्वतःच्याच रेकॉर्डकडून सपशेल हरले, आणि तो पराभव मी येरमाळ्याच्या स्टँडसमोर, माझ्या मामांच्या हॉटेलात, गरम भजी खात खात पाहिला.

उस्ताद तामलवाडीचे. उरुसात ते गायला बसले की जुंपलेल्या बैलगाड्या लोक पुन्हा सोडत. पण त्यांच्या गळ्याला एक खोड होती. चिडल्याशिवाय तो उघडत नसे. गादीवर बसवून, अत्तर लावून कुणी अदबीनं 'गा उस्ताद' म्हटलं, की ते शाळेतली प्रार्थना म्हटल्यासारखे गात.

म्हणून त्यांना डिवचण्याचं काम मामांकडं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. मामा पहिल्या रांगेत बसून लांबलचक जांभई देत आणि मोठ्यानं विचारत, "काय उस्ताद, आवाज घरीच ठेवून आला का?" उस्तादांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. "हा चहावाला मला गाणं शिकवणार?" असं गरजून ते जी तान फेकत, तिच्यापुढं मंडपाचे बांबू थरथरत.

मुंबईच्या कंपनीनं त्यांना रेकॉर्डसाठी बोलावलं तेव्हा मामांनी न विचारताच आपली पिशवी भरली. उस्ताद म्हणाले, "तू नको. सभ्य लोकांत माझी अब्रू काढशील." मामांनी भरलेली पिशवी रिकामी केली. चार दिवस हॉटेलातल्या चहात साखर पडली नाही.

रेकॉर्ड आली. मामांनी रुसवा गिळला, कुठून तरी ग्रामोफोन मागून आणला, तेरखेड्याहून फटाक्यांची माळ मागवली, आणि ती लावायला माळ करणारे गृहस्थही बोलावले. उस्ताद नव्या शेरवानीत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "कंपनीनं पुन्हा बोलावलंय! दुसरी रेकॉर्ड. अगदी अश्शीच करणार!"

चावी दिली. सुई टेकली. सगळ्यांनी माना पुढं केल्या. आणि नव्या जावयानं सासुरवाडीत भीत भीत मीठ मागावं, तसा आवाज बाहेर आला. सूर जागच्या जागी, शब्द स्वच्छ, जीव कुठंच नाही.

लोक खाली बघत "वाहवा" म्हणाले. एका भल्या माणसाला तेही जमेना. तो म्हणाला, "खरखर लई छान आलीय!"

तेरखेडेकर पेटती उदबत्ती घेऊन दारात उभे होते. "लावू का?"

"थांबा," मामा म्हणाले.

उस्ताद खुशीत सांगत होते, "मुंबईत लई मान दिला. मऊ खुर्ची दिली. जो तो आपला 'जी उस्ताद, जी उस्ताद'!"

रेकॉर्डचा जीव कुठं गेला ते सगळ्या हॉटेलाला कळलं. मामांचा चेहरा बघवेना. बोलावं तर आयुष्यभराचा दोस्त चारचौघांत दुखावणार. गप्प बसावं तर तो मुंबईला जाऊन आणखी एक अश्शीच करून येणार. दुसरी बाजू लावली. ती पहिलीपेक्षा गार.

"बोल की," उस्ताद मामांना म्हणाले. "कशी झालीय?"

मामांनी कोरडाच ग्लास पुसला. "खरं सांगू?"

"सांग."

"उस्ताद, ह्याच्यापेक्षा आमचा एसटीचा कंडक्टर बरा. त्यानं 'कळंब, कळंब' म्हटलं की निदान माणसं उठून पळत तरी येतात!"

कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेरवानीचं वरचं बटण तुटून भज्यांच्या परातीत पडलं. "चहावाल्या!" असं ओरडून उस्ताद उठले आणि फिरत्या रेकॉर्डवरच तेच गाणं त्यांनी उभ्यानं उचललं.

चुलीपुढून मामी ओरडल्या, "अवं, त्या पेटीतल्याला गप करा आदी! उस्ताद गायला लागलेत!"

कुणीतरी सुई उचलली. कळंबची गाडी आली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. ज्याचा दाखला दिला होता तो कंडक्टरही घंटी विसरून बाकावर येऊन टेकला. मामा रडत होते आणि मधूनच, आच कमी होऊ नये म्हणून, जांभई देत होते.

गाणं संपलं. उदबत्ती बोटापर्यंत जळत आलेली. तेरखेडेकर काकुळतीनं म्हणाले, "आता तरी लावू का?"

"लाव!" उस्ताद घाम पुसत गरजले. "अन् मुंबईची दोन तिकिटं काढा रे! एक माझं, अन् एक ह्या नालायकाचं!"