आत काही नाही म्हणे!

ओहायोतल्या डब्लिनमध्ये मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो, त्या काकू घरकाम सांभाळून स्वतःच प्रोग्रामिंग शिकल्या होत्या. सोमवारी त्यांचा पहिला इंटरव्ह्यू. दाखवायचा प्रोग्राम एकाच फ्लॉपीवर.

शनिवारी दसरा आला. शस्त्रपूजा म्हणून मी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता. दुपारी काकूंनी फ्लॉपी घातली, ती ड्राइव्हमध्ये अडकली ती अडकलीच.

दुकानदार फोनवर म्हणाला, "उघडू नका. वॉरंटी जाईल. आम्हीसुद्धा उघडत नाही, अख्खा ड्राइव्ह बदलतो."

"आणि फ्लॉपी?"

"ती ड्राइव्हबरोबर कंपनीकडे."

मी भडकलो. तेव्हा मी कॅम्पसवर पत्रकं वाटायचो. तिथल्या तिथे मजकूर सुचला. विकत घेतलेली वस्तू आपली, मग तिचं झाकण कुणाचं? ड्राइव्हच्या पाठीवर लेबल होतं: आत तुम्ही दुरुस्त करावं असं काही नाही. खाली चांदणीच्या आकाराची खाच असलेले स्क्रू, खोल खड्ड्यात. त्यांचा स्क्रूड्रायव्हर बाजारात मिळू नये याची चोख व्यवस्था!

"भाषण नंतर," काकू म्हणाल्या. "अक्षता टाकणारा हात इकडे आण. टॉर्च धर."

त्यांनी ड्राइव्हची वायर काढली. विणकामाची प्लास्टिकची लांब सुई शेगडीवर मऊ केली, स्क्रूवर दाबली आणि गार होऊ दिली. सुईच्या टोकाला चांदणी उमटली. स्क्रू फिरला!

झाकण निघालं आणि मी टॉर्च घेऊन आत वाकलो. केसाएवढ्या तारा, चकाकता दांडा, त्यावर सरकणारं, फ्लॉपी वाचणारं इवलंसं डोकं. कुणीतरी, कुठेतरी, इतक्या नाजूक हाताने हे जुळवलं होतं. पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बरोबरची खूण होती, तपासणाऱ्या माणसाची. हे सगळं आमच्यापासून लपवून वर लिहिलं होतं, काही नाही!

"कळलं का उघडू देत नाहीत?" काकू म्हणाल्या. "एकदा आत पाहिलं की माणूस नवीन घ्यायला जात नाही."

चिमट्याने त्यांनी एक तांदूळ उचलला. कुंकवाने लाल झालेला. मग फ्लॉपी अलगद बाहेर सरकली, जशीच्या तशी.

सोमवारी ती पर्समध्ये घालून काकू निघाल्या. जाण्यापूर्वी देव्हाऱ्यातलं कुंकू सुईला लावलं.

"अक्षता?" मी विचारलं.

"अक्षतांना हात तर लावून बघ!"